पेन ड्राइव्हवरची लाइव्ह सिस्टीम आणि सुरक्षित ब्राउझिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि रिटर्न भरून देते. दोन-तीन गिऱ्हाइकांच्या संगणकांतून पासवर्ड चोरीला गेले, तेव्हापासून ज्याला हवा त्याला मी लाइव्ह पेन ड्राइव्ह करून देते. पेन ड्राइव्ह घरी गेला की फोन सुरू होतात. त्या फोनांवरचे आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. आधी सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे येतील.

१. लाइव्ह सिस्टीम म्हणजे नेमकं काय?

संगणकाचं बटण दाबलं की तो आतल्या डिस्कवरचं विंडोज उचलतो. लाइव्ह सिस्टीम वापरायची असेल तेव्हा आपण त्याला डिस्कऐवजी पेन ड्राइव्हवरची सिस्टीम उचलायला लावतो. पेन ड्राइव्हवर एक अख्खी लिनक्स सिस्टीम (विंडोजच्या जागी चालणारी) दाबून भरलेली असते, ब्राउझरसकट. ती फक्त वाचली जाते. काम करताना जे काही नवीन तयार होतं (कुकी, हिस्ट्री, उतरवलेल्या फाइली) ते रॅममध्ये राहतं, आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. पुढच्या वेळी सिस्टीम पुन्हा कोरी.

परक्या घरी स्वयंपाक करताना आपली भांडी, आपलं पीठ-मीठ घेऊन जावं, तसं हे आहे. ओटा आणि गॅस मात्र त्या घरचाच असतो, म्हणजे कीबोर्ड, स्क्रीन आणि इंटरनेट. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्र. १९ मध्ये तिचं काम पडेल.

कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स नावाची सीडी काढली, तिने हा प्रकार जगभर पोचवला.

२. माझ्याकडे अँटिव्हायरस आहे. मग हे कशाला?

अँटिव्हायरस ओळखीचे चोर पकडतो. नवा चोर दोन-चार दिवस तरी त्याच्या नजरेतून सुटतो आणि पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामला तेवढे दिवस पुरतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने कुरिअरची पावती समजून एक फाइल उघडली. स्क्रीनवर काहीच घडलं नाही, म्हणून ते विसरूनही गेले. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड त्याच संध्याकाळी बाहेर गेले होते. दुकानातला अँटिव्हायरस चालू होता, हिरवी खूण दाखवत होता.

लाइव्ह सिस्टीममध्ये विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे विंडोजमध्ये दबा धरून बसलेला प्रोग्रामही सुरू होत नाही. अख्ख्या युक्तीचं मर्म एवढंच आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स पोलिसांच्या संगणक-गुन्हे शाखेच्या अधिकाऱ्याने एका जाहीर सुनावणीत नेटबँकिंगसाठी लिनक्सच्या बूट डिस्कचाच सल्ला दिला होता. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनेही घरून काम करणाऱ्यांसाठी लाइटवेट पोर्टेबल सिक्युरिटी नावाची अशीच सीडी तयार केली होती.

३. इन्कॉग्निटो विंडो उघडली तर काम भागणार नाही का?

नाही. इन्कॉग्निटो फक्त त्या ब्राउझरची हिस्ट्री आणि कुकी ठेवत नाही. खालचं विंडोज तेच असतं. कळा टिपणारा प्रोग्राम तिथे बसलेला असेल तर तुम्ही इन्कॉग्निटोत टाइप करा नाहीतर साध्या विंडोत, त्याला सगळं सारखंच दिसतं.

४. माझं विंडोज, फोटो, टॅलीचा डेटा जाईल का?

जाणार नाही, एक पथ्य पाळलंत तर. उबुंटू आणि मिंट (लिनक्सचेच दोन प्रकार) सुरू झाल्यावर ‘इन्स्टॉल’चा पर्याय किंवा आयकॉन समोर दिसतो. तिकडे जायचं नाही. ‘ट्राय’ निवडायचं, किंवा नुसता डेस्कटॉप उघडू द्यायचा.

पेन ड्राइव्हवर आधी जे होतं ते मात्र बनवताना पूर्ण पुसलं जातं. मुलीच्या बारशाचे फोटो एका पेन ड्राइव्हवर होते, तोच माझ्याकडे आला होता. मी आधी उघडून पाहिला म्हणून फोटो वाचले. नवा पेन ड्राइव्ह आणा.

५. उबुंटू, मिंट, टेल्स, बॉस... यातलं कुठलं घेऊ?

बँक, आयकर, जीएसटी, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म अशा कामांसाठी लिनक्स मिंट घ्या. विंडोजची सवय असलेल्याला ते पटकन हाताशी येतं, फाइल साधारण ३ जीबीची आहे आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. उबुंटू २४.०४ उत्तम आहे, पण त्याची फाइल जवळपास ६ जीबीची आहे आणि जुन्या मशीनवर ते जड जातं. बॉस ही आपल्या सी-डॅकने डेबियनवर उभारलेली सिस्टीम. भारतीय भाषांकडे त्यात चांगलं लक्ष दिलेलं आहे, ज्यांना सवय आहे त्यांनी जरूर वापरावी.

टेल्सचं काम वेगळं आहे. ते बँकेसाठी घेऊ नका. कारण प्र. १६ मध्ये आहे.

६. पेन ड्राइव्ह बनवायचा कसा? फाइल नुसती कॉपी केली तर चालेल?

कॉपी करून चालत नाही. आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलीत बांधलेली) पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. विंडोजवर त्यासाठी रूफस हा प्रोग्राम वापरा: पेन ड्राइव्ह निवडा, फाइल निवडा, स्टार्ट दाबा. बलेना एचर आणखी सोपं आहे. व्हेंटॉयने एकाच पेन ड्राइव्हवर चार सिस्टीम ठेवता येतात, पण पहिल्यांदाच करत असाल तर तो घोळ नको, कारण सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारा मशीनचा पहारा) चालू असलेल्या मशीनवर त्याला एक जादा पायरी लागते.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह मिंटला पुरतो. शक्य असेल तर ज्या संगणकावर संशय आहे त्यावर हा पेन ड्राइव्ह बनवू नका. भावाच्या, शेजाऱ्याच्या, कुठल्याही धडधाकट मशीनवर बनवा.

७. उतरवलेली फाइल खरी आहे हे कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटची खुद्द अधिकृत वेबसाइटच फोडली गेली. १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन डेस्कटॉपची डाउनलोडची लिंक चोरांनी आपल्या सर्व्हरकडे वळवली. त्या दिवशी ज्यांनी ती फाइल उतरवली त्यांना मागचं दार उघडं असलेली सिस्टीम मिळाली. मिंटच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच हे जाहीर केलं. माणसं बरोबर जागी गेली होती, बरोबर बटण दाबत होती, तरी फसली.

म्हणून फाइल तपासायची. प्रत्येक आयएसओबरोबर ६४ अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो, एसएचए-२५६ नावाचा. विंडोजवर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून सीआरसी एसएचए या मेन्यूतून तुमच्या फाइलचा ठसा निघतो. दोन्ही ठसे पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळले पाहिजेत. मी पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं मोठ्याने वाचते, मग मधली नजरेखालून घालते.

एक मेख आहे. वेबसाइटच चोरांच्या ताब्यात असेल तर तिच्यावरचा ठसाही ते बदलू शकतात. त्यामुळे खरी खात्री डिजिटल सहीवरून होते. मिंट आणि उबुंटू ठशांच्या फाइलवर सही करतात आणि ती सही कशी तपासायची हे त्यांच्या पानावर टप्प्याटप्प्याने दिलेलं आहे. तेवढं जमत नसेल तर निदान ठसा दुसऱ्या मिररवरून (त्याच फाइली ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) किंवा दुसऱ्या नेटवरून उघडून ताडून पाहा. अर्धा तास जातो. पण पुढचे सहा महिने तुमचे पैसे याच फाइलच्या भरवशावर राहणार आहेत.

८. पेन ड्राइव्ह लावला तरी विंडोजच सुरू होतं.

सुरू होतानाच बूट मेन्यूची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ १२ (काही एसरमध्ये हा मेन्यू आधी बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, चालू करावा लागतो). कळ एकदाच दाबून धरून ठेवू नका. बटण दाबल्या क्षणापासून टकटक दाबत राहा.

तरीही जमलं नाही तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा पडदा येईल, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा, मग पेन ड्राइव्ह. मला हाच रस्ता जास्त भरवशाचा वाटतो, कारण विंडोज १० आणि ११ ‘शट डाउन’ केल्यावरही फास्ट स्टार्टअपमुळे पुरतं बंद झालेलं नसतं.

९. ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं येऊन बंद पडतं. सिक्युअर बूट बंद करू?

आधी थांबा. मिंट, उबुंटू, टेल्स तिन्ही सिक्युअर बूट चालू असताना सुरू होतात. ते बंद करण्याची सहसा गरज नसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटने लिनक्सचे जुने बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली. कपाटातला दोन-तीन वर्षांपूर्वीचा पेन ड्राइव्ह त्यामुळे अचानक अडू लागला. नवी आयएसओ घेऊन पेन ड्राइव्ह पुन्हा बनवा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

सिक्युअर बूट बंद केलंत तर दुसरीच अडचण उभी राहू शकते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न सांगताच लागलेलं असतं. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. बायोसला हात लावण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून ठेवा. हे न केल्याने एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री अडकला होता. की सापडली, पण पहाटे तीन वाजता.

१०. सगळं सुरू झालं, पण वायफायच दिसत नाही.

काही वायफाय चिपांचे, विशेषतः जुन्या ब्रॉडकॉमचे, ड्रायव्हर लाइव्ह सिस्टीममध्ये लगेच चालू होत नाहीत. ड्रायव्हर शोधत बसू नका. मोबाइल फोन डेटा केबलने संगणकाला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. पाच सेकंदांत नेट येतं. बँकेच्या कामासाठी तर मी वायफाय असतानाही हेच करते. राउटरचा प्रश्नच उरत नाही (प्र. १९).

११. बँकेचं काम करताना नेमका क्रम काय ठेवायचा?

लाइव्ह सिस्टीमचा एक धोका तिच्या गुणातूनच येतो, आणि तो कुणी सांगत नाही. ब्राउझर कोरा असतो. तुमचे बुकमार्क नाहीत, आधी टाइप केलेले पत्ते नाहीत. मग माणूस काय करतो? शोधपट्टीत बँकेचं नाव टाकतो आणि वर जे येईल त्यावर क्लिक करतो.

माझ्या एक मावशी निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्यांदा लाइव्ह सिस्टीमवर बसल्या तेव्हा मी शेजारी होते. त्यांनी बँकेचं नाव टाकलं, पहिल्याच ओळीवर बाण नेला. ती जाहिरात होती, पत्त्यात बँकेच्या नावापुढे एक जास्तीचा शब्द आणि शेवट भलताच. बोट माउसवर होतं, मी हात धरला. इतकी खटपट करून स्वच्छ सिस्टीम सुरू केली आणि तिच्यातून सरळ चोराच्या दारात चाललो होतो.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर एक चिठ्ठी देते. पासबुकवरून किंवा शाखेत विचारून घेतलेला बँकेचा पत्ता तिच्यावर हाताने लिहिलेला असतो. चिठ्ठी पेन ड्राइव्हच्या पिशवीतच राहते. आता हे थोडं सोपं झालं आहे: रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पत्त्याचा शेवट तपासायची सवय लावा.

बाकीचा क्रम साधा आहे. सिस्टीम सुरू करा, नेट जोडा, चिठ्ठी बघून पत्ता टाइप करा, काम करा, लॉग आउट करा, मशीन बंद करा. बँकेच्या कामाआधी मेल उघडायचा नाही, बातम्या वाचायच्या नाहीत, व्हॉट्सॲप वेबला हात लावायचा नाही. त्या बैठकीत एकच काम.

१२. ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असं प्रत्येक साइटवर येतंय. व्हायरस आहे का?

आधी घड्याळ पाहा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या तारखेशी ताडून बघतो. तासगावच्या एका दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर बँक, आयकर, गूगल, सगळीकडे हाच इशारा येत होता. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. तो बदलला, तारीख लावली, इशारा गेला.

उलटही होतं. लाइव्ह सिस्टीम वापरून परत विंडोजमध्ये आलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ धरून चालतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाउ’ दाबा.

तारीख-वेळ बरोबर असूनही इशारा येत असेल तर मात्र पुढे जाऊ नका. ‘तरीही पुढे जा’ हे बटण बँकेच्या पानावर कधीही दाबायचं नाही.

१३. बँक दर वेळी ‘नवीन उपकरण’ म्हणून ओटीपी मागते, मेल पाठवते.

मागणारच. बँकेने ओळखीसाठी ठेवलेली कुकी मशीन बंद करताना पुसली जाते. तुम्ही स्वतः लॉगिन केलं त्याच मिनिटाला तो मेल आला असेल तर काळजी नको. दुसऱ्या वेळेचा आला तर ताबडतोब पासवर्ड बदला, तोही लाइव्ह सिस्टीममधूनच.

१४. पावती सेव्ह केली होती, आता सापडत नाही.

ती रॅममध्ये होती, गेली. परत आणता येत नाही. चलन, पावती, सातबाऱ्याची पीडीएफ मशीन बंद करण्याआधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि तो ‘इजेक्ट’ करूनच काढा. बहुतेक पोर्टलांवर पावती पुन्हा उतरवता येते, त्यामुळे घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवू नका. ती दिसेल, पण बिटलॉकर असेल तर कीशिवाय उघडणार नाही, आणि विंडोज अर्धवट झोपलेलं असेल (प्र. ८) तर तिच्यावर लिहिता येणार नाही. शिवाय ज्या डिस्कवर संशय म्हणून हा सगळा खटाटोप केला, तिच्यावर कशाला काही ठेवायचं?

१५. सेटिंग आणि फाइली टिकून राहतील असं करता येतं का? आणि मराठीत टाइप कसं करायचं?

टिकवता येतं, त्याला परसिस्टन्स म्हणतात. रूफसमध्ये उबुंटूच्या कुळातल्या बऱ्याच सिस्टीमसाठी तो पर्याय मिळतो. बँकेच्या पेन ड्राइव्हवर मी तो ठेवत नाही. सिस्टीम लक्षात ठेवू लागली की नको तेही तिच्यात टिकतं. टेल्समध्ये हा कप्पा कुलूपबंद असतो, पासवर्डशिवाय उघडत नाही, म्हणून तिथे तो ठीक आहे.

मराठी वाचायला काही करावं लागत नाही, देवनागरी फाँट असतोच. टाइप करायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठी निवडा. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर कगप नावाचा उच्चारानुसारी आराखडा आहे. दर वेळी निवडावा लागतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

१६. टेल्स सगळ्यांत सुरक्षित म्हणतात. मग बँकेला का नको?

कारण टेल्सचा हेतू निराळा आहे. २००९ पासून चालत आलेली ही सिस्टीम तुम्ही कोण आणि कुठे आहात हे लपवण्यासाठी आहे. तिचं सगळं इंटरनेट टॉरमधून जातं, म्हणजे तीन टप्प्यांवरून, बहुधा परदेशांतून. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रं हाताळणारे पत्रकार ती वापरत होते. बातमीदार, छळाला कंटाळून मदत शोधणारी बाई, वरिष्ठांचा गैरव्यवहार उघड करू पाहणारा कर्मचारी, अशांसाठी ती मोलाची आहे. २०२४ मध्ये टेल्स आणि टॉर प्रकल्प एकत्र आले.

बँकेला तर तुम्ही कोण हे कळायलाच हवं. सांगलीचं खाते सकाळी जर्मनीतून आणि दहा मिनिटांनी रुमानियातून उघडलं गेलं तर बँकेची यंत्रणा ते गोठवते, आणि तिच्या जागी ते योग्यच आहे. मग शाखेत खेटे घाला. बऱ्याच सरकारी साइटही टॉरवरून उघडत नाहीत.

टेल्सला कमीत कमी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि ७.० आवृत्तीपासून ३ जीबी रॅम. टॉर वापरणं हा भारतात आपोआप गुन्हा होत नाही. त्यावर तुम्ही काय करता त्याला मात्र नेहमीचेच कायदे लागू आहेत. आणि टेल्समध्ये स्वतःच्या नावाच्या फेसबुकला लॉगिन केलंत तर लपवायला काही उरत नाही.

१७. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या संगणकावर वापरू का?

मालकाला विचारल्याशिवाय नाही. कॅफेवाल्याला ग्राहकांची नोंद ठेवावी लागते, आणि तुम्ही त्याच्या सिस्टीमला वळसा घालून निघता. ऑफिसात तर नियमभंग म्हणून नोकरीवर येऊ शकतं. तालुक्याच्या गावी ओळखीच्या कॅफेत परवानगी घेऊन फॉर्म भरणारी मुलं मी पाहिली आहेत. फॉर्मपुरतं ठीक आहे. पैशाचं काम तिथे नको, कीबोर्ड आणि तारा तुमच्या नाहीत.

१८. डिजिटल सहीचं टोकन चालत नाही. जीएसटी कसं भरू?

माझ्या धंद्यातली ही खरी डोकेदुखी आहे. टोकनला (डिजिटल सही साठवलेल्या पेन ड्राइव्हसारख्या वस्तूला) त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर लागतो, वर सही करणारा वेगळा प्रोग्राम. लाइव्ह सिस्टीममध्ये हे दर वेळी नव्याने बसवावं लागतं, आणि लिनक्सचा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. ज्यांना चालतं त्यांनी सहीऐवजी ओटीपीने पडताळणी करावी. एकाच मालकाच्या दुकानांना जीएसटीत ती सोय आहे. वैयक्तिक आयकर विवरणाची पडताळणीही आधारच्या ओटीपीने होते.

कंपनीला टोकन टाळता येत नाही. त्यांच्यासाठी मी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवायला सांगते: टोकन, रिटर्न, बाकी काही नाही, मेलसुद्धा नाही. तिथे लाइव्ह सिस्टीमचा हट्ट धरू नका.

१९. मग लाइव्ह सिस्टीम कशापासून वाचवत नाही?

बऱ्याच गोष्टींपासून. पेन ड्राइव्ह हातात आला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

खोट्या साइटवर तुम्ही स्वतः पासवर्ड टाइप केलात तर सिस्टीम काय करणार? फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितलात, तर तेच. आज माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फसवणुकी याच दोन प्रकारच्या असतात, संगणकाचा त्यात दोष नसतो. मोबाइलमध्ये कुणाच्या सांगण्यावरून एपीके (प्ले स्टोअरबाहेरून आलेली ॲपची फाइल) टाकलं असेल तर ओटीपीचे मेसेज तिथूनच वाचले जातात. संगणक लाख स्वच्छ असो.

राउटरचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर कुणी त्यातले डीएनएस (साइटच्या नावावरून तिची जागा शोधून देणारी सेटिंग) बदलून तुम्हाला भलत्या पत्त्यावर नेऊ शकतं. अशा वेळी ब्राउझरचा प्रमाणपत्राचा इशारा येतो, म्हणून तो गांभीर्याने घ्या (प्र. १२).

कीबोर्ड आणि संगणक यांच्यामध्ये बोटभर लांबीचं उपकरण लावून कळा टिपता येतात. ते कुठल्याच सिस्टीमला दिसत नाही. मागे वाकून वायर बघणं हाच उपाय. आणि मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (चिपवर कायम असलेल्या प्रोग्राममध्येच) शिरणारे प्रोग्रामही आहेत. २०१८ मध्ये ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लोजॅक्स नावाचा असा एक प्रोग्राम उघडकीला आणला, डिस्क बदलली तरी तो टिकत होता. असे हल्ले निवडक संस्थांवर होतात. किराणा दुकानाने त्याची धास्ती घेऊ नये.

२०. सुरू झाल्यावर पेन ड्राइव्ह काढून घेतला तर?

सिस्टीम अडखळेल, कारण ती लागेल तसं पेन ड्राइव्हवरून वाचत असते. बूट करतानाच्या ओळीत ‘टूरॅम’ हा शब्द जोडला तर ती सगळी रॅममध्ये चढते आणि मग पेन ड्राइव्ह काढता येतो. मिंटला त्यासाठी ८ जीबी रॅम असावी. टेल्सचा पेन ड्राइव्ह चालू असताना काढला तर मशीन लगेच बंद होतं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

२१. मॅकवर चालेल? मोबाइलवर?

जुन्या इंटेल मॅकवर ऑप्शन कळ दाबून बऱ्याचदा चालतं. एम १ आणि त्यानंतरच्या चिपांवर हे पेन ड्राइव्ह चालत नाहीत. मोबाइलवर नाही.

२२. एकदा केलेला पेन ड्राइव्ह किती दिवस वापरू?

जास्तीत जास्त सहा महिने. ब्राउझरमध्ये दर महिन्याला दोष सापडतात आणि दुरुस्त होतात, पण तुमचा पेन ड्राइव्ह बनवलेल्या दिवशीच गोठलेला असतो. दोन वर्षांपूर्वीचा लाइव्ह फायरफॉक्स हा आजच्या विंडोजवरच्या ताज्या ब्राउझरपेक्षा कच्चा ठरू शकतो. टेल्स साधारण दर महिन्याला नवी आवृत्ती काढतं, जागच्या जागी अपडेटही होतं. मी पेन ड्राइव्हवर बनवल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहिते आणि मार्चअखेर संपली की, सहा महिने झाले नसले तरी, सगळ्यांचे परत मागवून नवे करून देते.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यावर चाललेल्या जुन्या लॅपटॉपवाल्यांनी हा पेन ड्राइव्ह कायमचा करायचा, म्हणजे मिंट डिस्कवरच टाकायचा विचार करावा. तेव्हा प्र. ४ मधलं पथ्य उलटं होतं, आधी सगळा डेटा बाहेर काढा.

२३. एवढं करूनही पैसे गेले तर?

ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, त्याच वेळी बँकेच्या नंबरवरही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, पहिल्या तासात कळवलं तर मध्येच अडवता येण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचा दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराबाबत, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, असं म्हटलं होतं. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येतं. म्हणून अशा वेळी लाजेपायी वेळ दवडू नका.

लाइव्ह सिस्टीम वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना: घाबरून मशीन बंद करू नका. बंद केलंत की त्या बैठकीचा सगळा पुरावा जातो. आधी मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा: ज्या पानावर होता त्याचा पूर्ण पत्ता, व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ. मग ब्राउझरची हिस्ट्री उघडा आणि तिचाही फोटो घ्या. पोलीस ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा हेच विचारतात.